नेवेनाचे तीन वशिले

आमच्या विद्यापीठाचं करिअर मार्गदर्शन केंद्र म्हणजे मी, एक हीटर आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा. आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्या मुलांना नोकरीचे मार्ग दाखवणं हे माझं काम. मार्ग आहेत, आमच्या बितोला गावाहून सुटणाऱ्या बसेस बऱ्याच आहेत. एके काळी या गावात गल्लोगल्ली परदेशी वकिलाती होत्या, त्यामुळे इथल्या प्रत्येक आईला वाटतं की मुत्सद्देगिरी आपल्या पोराच्या रक्तातच आहे. पोरं चार वर्षं तह आणि करार पाठ करतात आणि मग जर्मनीत कोंबड्या पॅक करतात.

नेवेनाला कोंबड्या पॅक करायच्या नव्हत्या. वर्गात कायम पहिली. ग्रीक, अल्बेनियन आणि फ्रेंच येणारी. पदवी घेतल्यापासून ती अर्ज करत होती आणि उत्तरादाखल तिला शुभेच्छा येत होत्या. तेवढ्यात गावातल्या सीमापार सहकार्य कार्यालयात जागा निघाली. एकच. ती हुकली, तर महिनाअखेरीच्या बसने जर्मनीला मावसभावाकडे गोदामात जायचं, असं घरात ठरलं होतं.

"सर, वशिला न लावता जमेल?" तिने मला विचारलं.

"अर्ज चांगला झालाय," मी म्हणालो. प्रश्नाला बगल देण्याचं शिक्षण आमच्याच विभागात मिळतं.

तिने वशिला लावला नाही. पण आमच्याकडे पोरीला नोकरीसाठी नुसती गुणपत्रिका देऊन पाठवणं म्हणजे जानेवारीच्या बर्फात टोपीशिवाय पाठवणं.

आठवड्याभरात निवड समितीचा अध्यक्ष आणि माझा वर्गमित्र तनास याने मला शिरोक सोकाक या गावातल्या मुख्य रस्त्यावर कॉफीला बसवलं आणि आवाज खाली आणला.

"लेका, ही तुझी नेवेना कुणाची?"

"क्रस्तेची. तो टायरवाला नाही का?"

"बाप नाही विचारला. सत्ताधारी पक्षातून फोन आला, पोरगी आपली आहे. विरोधकांकडून आला, पोरगी आपली आहे. काल पाद्रीबाबा स्वतः येऊन गेले. अरे, ही माणसं मयतालाही एका बाजूला उभी राहत नाहीत!"

"म्हणजे तिची बाजू भक्कम आहे."

"भक्कम कसली? धडकी भरते! तिला घेतलं तर मी उपकार कुणावर केला, आणि डिवचलं कुणाला? त्यापेक्षा तो गोर्दन बघ. एका खासदाराच्या ड्रायव्हरचा भाचा. एकच वशिला, स्वच्छ. आपण काय करतोय हे माणसाला कळतं तरी."

मी घरच्यांना बोलावून घेतलं. आई त्रायांका, बाप क्रस्ते आणि धर्मपिता वांगेल खुर्च्यांवर बसले. नेवेना हीटरला पाठ लावून उभी राहिली.

"मी पाद्रीबाबांना एवढंच म्हटलं, पोरीसाठी प्रार्थना करा," त्रायांका म्हणाली. "आणि जमलं तर अध्यक्षांकडे जाऊन या."

"मला सांगायचं नाही?" क्रस्ते उखडला.

"तू सांगितलंस? त्या विरोधी पक्षवाल्याबरोबर फासे खेळतोस, हरतोस, आणि वर पोरगीपण त्याच्याच गळ्यात!"

"हरत नाही. त्याला जिंकू देतो. त्याला राजकारण म्हणतात."

वांगेलने मिशा पुसल्या. "तुम्ही दोघं गप्प बसला असतात, तर आमच्या पक्षाने आत्तापर्यंत ऑर्डर काढली असती. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून हिला मी उचललंय. नोकरीत उचलायला कितीसा वेळ लागतो?"

"मला कुणी विचारलं होतं?" नेवेना ओरडली. "एकदा तरी?"

"हे काय विचारायचं असतं होय गं?" आई म्हणाली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

नेवेना रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. कोरड्या आवाजात म्हणाली, "माझ्यासाठी टाकलेला शब्द मागे घ्या. सगळ्यांनी. आजच." मलाही ते पटलं. इतकी वर्षं मुलांना वाटाघाटी शिकवून मला एवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी तनासचा फोन. "लेका, आता तिघंही सांगताहेत, त्या मुलीशी आमचा काही संबंध नाही! तिने केलंय तरी काय?"

"काहीच नाही."

"काहीच नाही केलं, तर एका दिवसात तिघं हात कसे झटकतील?"

मी खरं काय ते सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. इतकी साधी हकिगत आमच्याकडे फक्त लपवाछपवीसाठी सांगतात.

मुलाखत उत्तम झाली. ग्रीकमध्ये विचारलेल्या प्रश्नांना तिने ग्रीकमध्ये उत्तरं दिली, आणि समितीतल्या एका बाईंनी तिचं कौतुकही केलं. शेवटी तनास म्हणाला, "बाळ, आता मोकळेपणाने सांग. तुझ्यामागे कोण आहे?"

"कुणी नाही."

समितीतले सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग कुणीतरी पुटपुटलं, "ही तर एखाद्या परदेशी वकिलातीने पाठवलेली दिसते."

जागा गोर्दनला मिळाली.

बसच्या आदल्या आठवड्यात नेवेना माझ्याकडे पुस्तकं परत करायला आली. पाठोपाठ गोर्दन चॉकलेटचा डबा घेऊन आला. नोकरी लागली की सगळ्यांचं तोंड गोड करायचं असतं. पोरगा सरळ होता, त्यामुळे त्याच्यावर चिडताही येईना.

"बरं झालं भेटलीस," तो तिला म्हणाला. "पुढच्या महिन्यात सीमेपलीकडच्या फ्लोरिनाहून ग्रीक मंडळी येताहेत. मला ग्रीकमध्ये नुसता नमस्कार येतो. आणि 'बिल आणा'."

"तेव्हा मी इथे नसेन."

"एकच दिवस गं. माझ्या मागे उभी राहा फक्त."

तिने जगाच्या नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी डब्यातलं एक चॉकलेट फार काळजीपूर्वक निवडत होतो.

"राहीन," ती म्हणाली. "पण तुझ्या मामाने माझं नाव खासदारांच्या कानावर घालायचं. आणि माझ्या घरी यातलं अक्षरही सांगायचं नाही."

"एवढंच ना? घालतील की."

गोर्दन शीळ घालत गेला. नेवेनाने मावसभावाला फोन लावला आणि गोदामातली जागा आणखी एक महिना धरून ठेवायला सांगितलं. पलीकडून तो बराच वेळ बोलत होता, आणि ती भिंतीकडे तोंड करून प्रत्येक वाक्याला हो म्हणत होती.