मंगळवारचे पाहुणे

चांदीच्या वाट्या कपाटातून बाहेर आल्या आणि विधीने आपली पिशवी भरायला घेतली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिशी उलटली तरी तिला घड्याळ कळत नव्हतं, पण वाट्या कळत होत्या. वाट्या निघाल्या म्हणजे धाकट्या बहिणीला, आयुषीला, बघायला पाहुणे येणार, आणि आपण धुळ्याला बुआकडे, म्हणजे आत्याकडे जायचं.

"नाशिकचे लोक आहेत, बारापर्यंत पोचतील," विधीचे वडील लालचंद म्हणाले. पारोळ्यात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि खोट झाकून माल दाखवणं त्यांना वर्ज्य नव्हतं. "हिला साडेदहाच्या बसमध्ये बसव."

विधीच्या आईने, कुसुमलताबाईंनी, हातातली वाटी खाली ठेवली.

"आता रविवारचं भाषण मला ऐकवू नकोस. भाषण रविवारचं, पाहुणे मंगळवारचे. वार वेगळे."

रविवारी धुळ्यात मतिमंद मुलांच्या पालकांचा मेळावा झाला होता. कुसुमलताबाई पालक संघाच्या अध्यक्ष. 'लेकरांना लपवू नका. तुम्हीच दार लावलंत तर सरकारनं कुठून उघडायचं?' या वाक्याला टाळ्या चांगल्या पडल्या होत्या. घरी मात्र त्या वाक्याला उठाव नव्हता.

रिक्षावाला मगन दारात हजरच होता.

"अक्का, आज कोठला पाहुणा येतस?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगाले कशाले लागस? विधीताईनी थैली दखी का बठ्ठा गावले समजस."

म्हणजे इतकी वर्षं जे झाकलं, त्याची दवंडी विधीच गावभर पिटत स्टँडवर जात होती. कुसुमलताबाईंना हसूही आलं आणि रिक्षातून उतरून पळावंसंही वाटलं.

स्टँडवर बस लागलेली. खिडकीतून झुंबरबाईंनी हाक मारली. मेळाव्यात मागच्या रांगेत बसलेली मजूर बाई. शेजारी तिचा तरणाताठा मुलगा प्रशील, नव्या शर्टाची घडी न मोडता ताठ बसलेला.

"भाचानं लगीन शे, अक्का. कधी कोठे नेयेल नव्हतं याले. तुम्हनं आयकीसन लई जास. लोके काय म्हनतीन ते म्हनोत." मग विधीकडे बघून, "विधीताई बी लगनले चालनी का?"

"नाही, मी बुआकडे," विधी म्हणाली. "आमच्याकडे पाहुणे येणारेत ना."

झुंबरबाईंनी कुसुमलताबाईंकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेत मुलाची कॉलर सारखी करू लागल्या. ते नजर काढून घेणं बोलण्यापेक्षा लागलं. कंडक्टरने घंटी मारली. कुसुमलताबाईंनी पायरीवर चढलेल्या विधीचा दंड धरून तिला खाली घेतलं.

घरी आयुषी तोंडात पिना धरून निऱ्या काढत होती. "बस चुकली?"

"चुकली नाही. सोडली. तुझं मोडलं तर, आयुषी?"

आयुषीने पिना हातावर काढल्या. "मोडलं तर मी रडेन," ती म्हणाली. "पण आधी तिला तर विचार, तिला पाहुण्यांसमोर बसायचंय का."

"सोफ्यावर?" विधीने विचारलं.

"हो."

"बसते."

लालचंद काही बोलणार, तेवढ्यात दारात गाडी थांबली.

मुलाची आई सुनंदाबाई गोड बोलणारी होती. हवा, रस्ता, कचोरी, सगळ्याचं कौतुक करून झालं. मग म्हणाली, "आणि या कोण?"

"ती म्हणजे..." लालचंदांनी घसा खाकरला.

"मी विधी. मी मोठी," विधी म्हणाली. "मी दर वेळी बुआकडे असते."

सुनंदाबाईंच्या हातातली कचोरी बशीत गेली. मुलगा तेजस मोबाइल बघू लागला. "जन्मापासून असंच का?" सुनंदाबाईंनी कुसुमलताबाईंना हळूच विचारलं.

"ती समोरच बसलीय. तिलाच विचारा ना."

विधी उत्तर द्यायला सरसावून बसली. पण कुणीच विचारलं नाही.

"कळवतो," जाताना सुनंदाबाई म्हणाली. या शब्दाचा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही सांगावा लागत नाही.

लालचंद गाडीपर्यंत पोचवून आले आणि चप्पल न काढता दारातच उभे राहिले. आयुषी स्वयंपाकघरात पाठमोरी होती. नळ सुरू होता, पण भांडी वाजत नव्हती.

"मला पण चहा," विधी सोफ्यावरून म्हणाली.

बऱ्याच वेळाने नळ बंद झाला. आयुषी बाहेर आली. डोळे लाल, डोक्यावर पदर तसाच, हातात ट्रे, ट्रेमध्ये सोनेरी काठाचा एकच कप.

"अगं, तो पाहुण्यांचा..." लालचंद म्हणाले, आणि तिथेच थांबले.

आयुषीने वाकून ट्रे पुढे केला. विधीने पाय जुळवले, ओढणी सावरली आणि दोन्ही हातांनी कप उचलला.