निळी जीभ, निळं बोट

माझ्या धाकट्या जावेच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, नखाच्या बाजूला, मसुराएवढा निळा डाग होता. कडेला कातडी टणक झालेली. सभागृहात मात्र त्या बोटाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे तिची जीभ बघायला माना उंचावत होते.

"दाखव, पोरी!" शाईमहाराज म्हणाले.

तिनं जीभ काढली. निळीशार! टाळ्यांनी छत दणाणलं.

"लिहिलेलं पुसतं, प्यायलेलं मुरतं!" महाराज गरजले. "विद्या गिळायची असते, लेकरांनो!"

विधी सोपा होता. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते आपल्या शब्दांत महाराजांच्या बाटलीतल्या शाईनं कागदावर उतरवायचं, कागद पाण्यात बुडवायचा आणि ते पाणी प्यायचं. नर्सिंगच्या परीक्षेत दोनदा आपटलेली माझी जाऊ या पाण्यावर सराव परीक्षेत पहिली आली होती.

"नाहीतर आमची मोठी," सासूबाई शेजारणीला ऐकवत होत्या. "शाळेत विज्ञान शिकवते, पण दुकानात गेली की मीठच विसरते."

मला झोंबलं. इतकी वर्षं घरातली हुशार सून मी होते. खरं तर हा चमत्कार माझ्या सोयीचाच होता. श्रेय बाटलीला गेलं की जावेला जात नव्हतं.

उद्या तिची अंतिम परीक्षा होती, आणि उद्याच सकाळी महाराजांची गाडी तिला गावोगाव मिरवायला न्यायला येणार होती. काय ठरलं, असं विचारलं की आठवडाभर तिचं एकच उत्तर होतं, "बघू."

तेवढ्यात बेकरीवालीनं आपल्या तरण्या मुलाला दंडाला धरून पुढे आणलं. "महाराज, हाही तीच परीक्षा देतोय. बाटल्या रिचवल्या, तरी सरावात नापास! तोंडाची नुसती दौत झालीय."

"श्रद्धा कमी पडली, माई."

"श्रद्धा? लिहून लिहून माझी बोटं वाकडी झाली!"

मी उभी राहिले. "काकू, लिहीत तुम्ही होतात?"

"मग कोण? याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं. मी वाचायची, पुस्तक मिटून लिहायची. हा नुसता प्यायचा."

"मनगटात हाडं किती?"

"आठ. चारचारच्या दोन ओळी." पावाचा भाव सांगावा तशी ती बोलून गेली, आणि स्वतःच दचकली. मुलगा छत न्याहाळत होता.

"ते पाणी तुम्ही कधी प्यायलात?"

"शी! शाई कोण पितंय?"

सभागृहात हशा पिकला. "ही आईची पुण्याई..." महाराजांनी सुरुवात केली.

"मग परीक्षेला आईलाच बसवा!" मागून कोणीतरी ओरडलं.

मी म्हणाले, "शाई पोटात जाते, डोक्यात नाही. पुस्तक मिटलं की आठवायला डोकं ताणावं लागतं. महत्त्वाचं निवडावं लागतं, आपले शब्द शोधावे लागतात. धडा मुरतो तो तिथे. पाणी मोरीत ओता आणि लिहीत राहा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी करून बघा."

एक वाक्य उरलं होतं, आणि सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. मी जावेचा हात धरून वर केला. "चमत्कार कसला? हे बोट बघा. जे केलं ते हिनं स्वतः केलं."

ती शाई मी कधी चाखली नाही, पण या वाक्यापेक्षा कडू नसावी.

जाऊ स्वतःच्या बोटाकडे बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "आता मीठसुद्धा लिहून ठेवत जा हं, ताई."

महाराज घाईघाईनं म्हणाले, "पोरी, गाडी सकाळी दारात येईल."

तिनं रुमालानं जीभ पुसली आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "गाडी पाठवू नका. उद्या माझा पेपर आहे."