साहेबांच्या कोटाची बाही

आमचं शिवणाचं दुकान भरती केंद्राच्या अगदी समोर आहे. आत दोन मशीनं, पुढचं अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि मागचं माझं. मला बाहेर पडायचं तर आधी त्यांना उठावं लागतं, स्टूल कपाटाला टेकवावं लागतं आणि पोट आत घेऊन उभं राहावं लागतं. बिचारे कधी कुरकुर करत नाहीत. फक्त दर वेळी विचारतात, "कुठे?" तेरा वर्षं झाली, दिवसातून पाच-सहा वेळा मी या माणसाला कुठे जातेय ते सांगते. चहाला, नाहीतर मोरीकडे. दुसरीकडे जाणार तरी कुठे मी?

सैन्यात निवड झालेली पोरं गणवेश अंगाला नीट बसवून घ्यायला आमच्याकडे येतात. टाचण्या लावता लावता मी प्रत्येकाला विचारते, "का रे बाबा, सैन्यातच का?" पहिलं उत्तर सगळ्यांचं एकच, देशासाठी. चौथ्या टाचणीपर्यंत खरं बाहेर येतं. एक म्हणाला, सावत्र आई. एक म्हणाला, घरात सात माणसं आणि खोली एक, तिकडे स्वतःची खाट मिळते. एकाचे आजोबा, वडील, दोन काका सगळे फौजी. तो म्हणाला, "ताई, मला कुणी विचारलंच नाही हो." एकाने मात्र सगळ्या टाचण्या संपल्या तरी देशासाठीच म्हटलं, आणि मला ते पटलं. हेवा वाटला मला त्याचा.

माझं कारण अण्णांचं स्टूल होतं. सांगायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

मुलींची भरती निघाली तेव्हा मी गुपचूप अर्ज भरला, वाहन विभागासाठी. मोठा ट्रक, समोर भलीमोठी काच आणि काचेपुढे रस्ता. आईला सांगावंच लागलं, कारण पहाटे धावायला जायचं तर तिच्या कानांपासून सुटका नाही. "अण्णांना काय सांगशील गं?" ती म्हणाली. "मन मोडेल त्यांचं." तरी माझे बूट तिनेच पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवले.

धावण्यात पास झाले, डॉक्टरांनी पास केलं, लेखी परीक्षेत तर तिसरी आले. राहिली फक्त मुलाखत.

टेबलामागे तीन अधिकारी होते. मधले मिशाळ साहेब प्रश्न विचारत होते. घाटात ब्रेक लागला नाही तर काय करशील? आठवडाभर घरच्यांशी बोलणं झालं नाही तर? मी फटाफट उत्तरं देत होते. सगळं छान चाललं होतं. पण साहेबांनी कागद उचलायला हात पुढे केला की कोटाचा उजवा खांदा वर चढे आणि कॉलर मानेपासून सुटे. एकदा झालं, दोनदा झालं. मी मुद्दाम भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागले. तिसऱ्यांदा साहेबांनी खांदा चोळला आणि माझं तोंड उघडलं.

"सर, उजवी बाही खांद्याच्या जोडाला, मुंढ्यात, मागे बसलीये, म्हणून ओढतंय. बोटभर पुढे फिरवून लावली की झालं."

मी जीभ चावली.

"चार वर्षं या खांद्यासाठी मी डॉक्टरकडे जातोय," साहेब म्हणाले आणि त्यांनी कोट काढून माझ्यासमोर ठेवला. "कर बघू."

सुईदोरा माझ्या पर्समध्ये असतोच. बाही उसवली, फिरवली, कच्चे टाके घातले. साहेबांनी कोट चढवला, हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला आणि लहान मुलासारखे हसले. मलाही आनंद झाला. त्या आनंदाचा राग अजून जात नाही माझा.

पत्र आठवड्याने आलं. पोस्टमनने ते पुढच्या मशीनवर ठेवलं, म्हणून आधी अण्णांनी फोडलं. त्यांनी मोठ्याने वाचलं. निवड झाली आहे. विभाग, गणवेश भांडार. पद, शिंपी. साहेबांची खास शिफारस. करार सात वर्षांचा. नकार दिल्यास पुन्हा अर्ज करता येणार नाही.

ड्रायव्हर नाही, शिंपी. सात वर्षं तिकडचं मशीन, नाहीतर जन्मभर इकडचं.

अण्णांनी चष्मा काढला. चोरून अर्ज केला म्हणून ओरडतील, असं मला वाटलं.

"मला वाटायचं, तुला हे काम नको आहे," ते म्हणाले. "पोरीला मी इथे डांबून ठेवलंय, असं सारखं मनात यायचं. विचारायचा धीर झाला नाही कधी. आणि तू सैन्यात जाऊनसुद्धा हेच मागितलंस?"

ते रडायला लागले. अण्णांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आतल्या दारात आई तोंडावर हात ठेवून उभी होती. तिला सगळं माहीत होतं आणि ती माझ्याकडे बघत होती.

"आवडतं ना गं तुला?" अण्णांनी विचारलं.

ट्रक, काच, रस्ता, सगळं जिभेवर आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर मी मोकळी झाले असते, आणि हा माणूस उरलेला जन्म त्या वाक्याखाली दबून बसला असता.

"आवडतं, अण्णा."

मग काय, अण्णांचं रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून पत्र दाखवून झालं. समोरच्या पहारेकऱ्यालाही दाखवलं. परत आले ते कपाटातलं चांगलं कापड काढतच.

"जायला तीन आठवडे आहेत. कोटाचा गळा तुला अजून शिकवला नाही मी. तिकडे कुणी नावं ठेवायला नको. बस."

मी बसले. रडावंसं वाटत होतं, पण कापडाचं एक टोक अण्णांनी धरलं होतं, आणि टीप सरळ यायला हवी होती.