कुंपणाबाहेरची हिकरी

वाचकहो, केंटकीच्या डोंगरात हिकरीच्या एका झाडावरून जो क्रोधाग्नी प्रज्वलित झाला, त्याचा वृत्तांत यथामती निवेदन करीत आहे.

आयडेला स्टॅम्परच्या आईने ते झाड कुंपणाबाहेर, आपल्या तान्ह्या मुलाच्या थडग्याशी स्वहस्ते लावले होते. त्या डोंगरातील रीत अशी, की खाली पडलेली फळे वेचण्यास कोणासही मज्जाव नाही, आणि "झाड कुणाचं?" असे परक्याने विचारले, तर "कुणाचंच नाही" म्हणणे हाच शिष्टाचार. विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहासाठी फांदी तोडणाऱ्या प्रुइट नामक गृहस्थास आयडेलाचा धाकटा भाऊ होबार्ट याने हेच उत्तर दिले.

आता लाकडाचा ठेकेदार त्या फांदीच्या नमुन्यावर लावलेल्या चिठ्ठीची प्रत घेऊन दारात आला. कुंपणाबाहेरील रानटी झाडे तोडण्याचा ठेका त्याचा होता, आणि चिठ्ठीत लिहिले होते : "रानटी. मालक नाही." सोमवारी करवत येणार होती.

"मेल्या, तोंड आहे की उघडं फाटक?" आयडेला कडाडली.

"ताई, मी आपलं रीतीनं बोललो. तो काय झाड खिशात घालून नेणार होता?"

"नेलंच की! ऊठ, टोपी घाल. डोकं रिकामं आहे, निदान झाकून तरी ने."

विद्यापीठात प्रुइटसाहेबांनी कपाटातून जाड कागद काढला. त्यावर तीच फांदी, पानांसह, दोऱ्याने टाचलेली. आईच्या हातचे झाड असे सुकून चपटे झालेले पाहताच आयडेलाने त्याखालच्या चिठ्ठीवर बोट आपटले.

"बाई, तुमच्या भावानंच सांगितलं."

"पाहुण्याला म्हटलं, 'घर आपलंच समजा', तर तो घर विकतो काय हो?"

जुनी चिठ्ठी काढता येत नाही, परंतु शेजारी दुरुस्तीची चिकटवता येते, असे प्रुइटसाहेब पुटपुटले.

"मग लिहा."

"नीट लिहा, साहेब," होबार्ट म्हणाला. "ताईची छडीसुद्धा हिकरीचीच आहे."

"लावलेलं झाड," आयडेला सांगू लागली. "आईनं, लेकराच्या थडग्याशी. फांदी घरधनिणीला न विचारता तोडली."

लेखणी थबकली. "शेवटचं वाक्य हवंच का?"

"तेच हवं."

सोमवारी ठेकेदाराने आयडेलाने पुढे केलेली नव्या चिठ्ठीची प्रत वाचली, थडग्याकडे पाहिले आणि शिव्या देत करवत गाडीत टाकली.

आयडेला अद्याप भावाशी बोलत नाही. होबार्ट मात्र वाटसरूंना सांगतो, "झाड ताईचं आहे. फळं वेचा, पण फांदीला हात लावू नका."

वाचनाचे कष्ट घेणाऱ्या सर्व सज्जनांचा ऋणी,
व्हर्जिल नेपियर