शनिवारची सुई

डोळ्यांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल उठून जावं.

फिनलंडात तळ्याकाठच्या लाकडी घरात तावेत्ती एकटाच राहायचा. बायको देवाघरी गेलेली, मुलगा लांब ओउलू शहरात. गोळ्यांना साखर जुमानेना म्हणून वसंतात डॉक्टर साइमीनं त्याला इन्सुलिन सुरू केलं आणि तिथून घोळ झाला. एका शनिवारी संध्याकाळी शेजारीण येऊन बघते तर म्हातारा घामानं थबथबलेला, सरपणाच्या ढिगाशी बसून ढकलगाडीशी भांडतोय. तिनं साखरपाणी पाजलं तेव्हा कुठे माणसात आला. महिन्याभरानं पुन्हा तेच, पुन्हा शनिवारीच.

साइमी म्हणजे पोस्टमनची पोर. तिला गळ टाकायला तावेत्तीनंच शिकवलेलं. पण खुर्चीत बसली की ती डॉक्टर.

"तावेत्तीकाका, आणखी एकदा असं झालं तर मला तुमचं लायसन थांबवावं लागेल."

म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. गाडी नाही तर दुकान नाही, औषध नाही. म्हणजे मुलाकडे पाचव्या मजल्यावर जाऊन राहायचं आणि खिडकीतून समोरची खिडकी बघायची.

तिनं खोदखोदून विचारलं. काय खाता, किती पिता, सुई कुठे टोचता. तो शाळेतल्या पोरासारखा सगळं सांगत गेला. मग शनिवारी वेगळं काय करता, असं विचारलं तर म्हणाला, काही नाही गं. आणि तो खोटं बोलत नव्हता. डोस कमी करूनही बघितला, तरी तिचा जीव काही खाली पडेना.

शेवटी एका शनिवारी ती स्वतःच गाडी घेऊन त्याच्याकडे गेली. म्हातारा हरखला. चुलीवर माशाचं सूप चढवलं, आणि शनिवारी आलेल्या पाहुण्याला सौनाशिवाय, म्हणजे वाफेच्या अंघोळीशिवाय, कसं सोडायचं? आधी बायामाणसं, अशी रीत. त्यानं तिच्या हातात टॉवेल आणि अंगावर झोडून घ्यायला बर्च झाडाच्या डहाळ्यांची जुडी कोंबली.

साइमी आत बसली, तापल्या दगडांवर पाणी मारलं. वाफेचा लोट उठला, कातडी लालबुंद झाली, छाती धडधडायला लागली. सौनात विचार करायचा नसतो, तिनंही केला नाही. पण विचारच आपणहून आला. हा बाबा मांडीत सुई टोचतो, मग या भट्टीत येऊन बसतो आणि जेवतो नंतर! उष्णतेनं रक्त धावतं, त्याच्याबरोबर औषधही धावतं, आणि पोट रिकामं, मग साखर कोसळणारच.

ती टॉवेल गुंडाळून तशीच बाहेर धावली. अंगातून वाफा निघतायत, केसांत बर्चची पानं. रासबेरीच्या झुडपांत एक अस्वल चरत होतं, ते तिला बघून जे सुटलं ते थेट तळ्यात.

तावेत्ती खांद्यावर पंचा टाकून पायरीवर उभा होता.

"टोचलंत?"

"हे काय, आत्ताच."

"मग आधी सूप."

"अगं, सौना थंड होईल."

"मी पुन्हा तापवते. तुम्ही मुकाट बसा आणि जेवा."

तो कुरकुरत जेवला, ती निथळत समोर उभी राहिली.

"एवढं विचारलं तेव्हा सौनाचं का नाही सांगितलंत?"

"ते काही करणं आहे होय? शनिवारच आहे तो. आणि तू तरी कुठे विचारलंस?"

साइमीला हसू आवरेना. तीही दर शनिवारी सौनात बसायचीच की.

त्या दिवसापासून रीत बदलली. आधी सौना, मग बोट टोचून साखर बघायची, आणि सूपची वाटी समोर आली की मगच सुई. पुढचे कितीतरी शनिवार ती फोन करून आकडा विचारायची आणि तो मुद्दाम जरा थांबून सांगायचा. आकडा मात्र दर वेळी शहाण्यासारखा निघायचा.

मग एक दिवस तो स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेला आणि दारातूनच विचारलं, लायसन राहिलं का. साइमीनं खिडकीतून खाली बघितलं. गाडी दोन गाड्यांच्या जागेत आडवी लागली होती.

"साखरेपायी तर नाही काढत, काका," ती म्हणाली. "पण ते खाली काय करून ठेवलंय, ते मी बघितलंच नाही असं समजा."

बरं, ते अस्वल तेवढं माझ्या पदरचं. पण असतं तर पळालं असतंच, पैज लावते.