पेटीवरचं शेवटचं कुलूप

पॅस्कोला मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी माझं मन विरघळेल म्हणून कुणी वाट बघत बसायला नको.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला कुठल्या तरी कारखान्यात किंवा खाणीत प्लेसमेंट करावी लागते. तिथल्या इंजिनिअरची सही मिळाली तर पदवी, नाही तर पुन्हा पुढचं वर्ष. माझ्या वर्गातली बाकीची पोरं खाणींवर गेली. मी हट्टाने आमच्या गावचाच साखर कारखाना मागून घेतला. नोन्नो, म्हणजे आमचे आजोबा, इटलीहून इथे क्वीन्सलंडला ऊस तोडायला आले, तेव्हापासून आमच्या घरचा ऊस याच धुराड्याखाली जातो. आपल्यातलं कुणी तरी फाटकाबाहेर उसामागे ताटकळण्याऐवजी आत मशीनपाशी उभं राहावं, अशी पपांची फार इच्छा होती. मी आत उभी राहिले आणि माझ्या नशिबी आला डॅरिल पॅस्को, गाळपाचा मुख्य इंजिनिअर.

पॅस्को स्वतः अवजार बाळगायचा नाही. लागलं की दुसऱ्याचं उचलायचा. तिथे ज्याच्या त्याच्या अवजाराला ज्याच्या त्याच्या रंगाची टेप असते, माझी पिवळी. त्या संध्याकाळी तो श्रेडरच्या वरच्या फळीवर चढला. श्रेडर म्हणजे उसाचा भुगा करणारं हातोड्यांचं यंत्र. वरून ओरडला, "ए पोरी, पाना दे गं इकडे!" दिला. खाली उतरला तो रिकाम्या हाताने.

"माझा पाना?" मी विचारलं.

"पळून नाही जात तुझा पाना. सोन्याचा आहे का?"

शेजारी सेल्विन अंकल उभे होते. हे तिथले सगळ्यात जुने फिटर. त्यांच्या पणजोबांना समुद्रापलीकडच्या बेटांवरून इथे ऊस तोडायला पकडून आणलं होतं. अख्खा कारखाना त्यांना अंकल म्हणतो. त्यांनी हे सगळं पाहिलं, ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरून पाना घसरला आणि उसाबरोबर श्रेडरमध्ये गेला. हातोडे तुटले, गाळप बंद. ऐन हंगामात गाळप बंद म्हणजे तोडलेला ऊस रुळांवरच्या डब्यांत उन्हात वाळत, आंबत उभा. साखरेचा उतारा घसरतो आणि मार शेतकऱ्याला बसतो.

दुरुस्ती सुरू झाली. तिथली रीत अशी, की यंत्राची वीज तोडायची, तिची किल्ली लाल पेटीत ठेवायची आणि यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाने त्या पेटीला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं. काम संपलं की ज्याने त्याने आपलं काढायचं. सगळी निघाली तरच पेटी उघडते, तरच यंत्र सुरू होतं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. पूर्वी कधी तरी घाईत एकाचं कुलूप कापलं आणि तो माणूस आतच होता. तेव्हापासून कुलूप विसरून कुणी घरी गेलं, तर त्याला असेल तिथून आणतात आणि तो सगळ्यांना बिअरचं खोकं देतो. मीही माझं कुलूप लावलं आणि नवे हातोडे वाहायला लागले.

काम संपत आलं तशी चहाची सुट्टी झाली. पॅस्कोने सगळ्यांना गोळा केलं आणि वाकडातिकडा झालेला पाना उंच धरला. पिवळ्या टेपची चिंधी अजून त्याला चिकटलेली होती.

"ओळखलं का कुणी? कॉलेजच्या पोरी कारखान्यात घेतल्या की हे असं होतं. हिच्यापायी आज गावाचा ऊस उन्हात आंबतोय."

माझे कान तापले. "हा पाना काल तुम्ही माझ्याकडून घेतलात. वर तुम्हीच विसरलात."

कुणी हसलं, कुणी खोकलं. मी सेल्विन अंकलकडे पाहिलं. त्यांनी कपात पाहिलं. मूग गिळून बसले.

"वर खोटंही बोलते!" पॅस्को म्हणाला. "चल, नीघ. कार्ड टाक इकडे. सही विसर. आणि बापाला जाऊन सांग, लेकीने काय दिवे लावले ते."

चोर तो चोर, वर शिरजोर. त्याने माझं फाटकाचं कार्ड हिसकावलं आणि मला वाटेत कुठेही थांबू न देता फाटकाबाहेर काढलं.

बाहेर आल्यावर गाडीच्या किल्लीसाठी खिशात हात घातला, तर हाताला छोटी किल्ली लागली. माझं कुलूप पेटीवरच होतं.

पहारेकऱ्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. समोरच्या बेकरीत गेले, सॉसेज रोल घेतला आणि धुराडं दिसेल अशा बाकावर बसले. रोल खाताना रडू आलं, ते दुःखाचं नव्हतं. त्या माणसाची मान माझ्या हातात आली होती आणि ती पिरगळायची मला घाई नव्हती.

फोन वाजायला लागला. मी तो पालथा ठेवला.

मग वाईट गोष्ट दिसली. फाटकाशी उसाची गाडी थांबली होती आणि पुढच्या सगळ्या डब्यांवर आमच्या शेताचा नंबर होता. पपांनी काल रात्री तोडलेला ऊस माझ्या डोळ्यांदेखत उन्हात तापत होता. मी अर्धी उठले. मग 'बापाला जाऊन सांग' आठवलं आणि खाली बसले.

सेल्विन अंकल रस्ता ओलांडून आले.

"रेनाटा, किल्ली दे बाळा."

"माझं कुलूप मीच काढायचं ना? आणि मला तर फाटकात बंदी आहे. नियम म्हणजे नियम, अंकल."

"पॅस्कोने कटर मागवला होता."

"मग? कापलं?"

"मी पेटीपुढे उभा राहिलो. म्हटलं, आधी माझा हात काप."

"आता उभे राहिलात. सकाळी काय झालं होतं?"

ते हॅट काढून हातात फिरवत राहिले. मला दया आली नाही.

"त्याला सांगा," मी म्हटलं, "स्वतः ये."

तो आला. मॅनेजर मागे फाटकात उभा होता, त्यामुळे पॅस्कोच्या आवाजात मध होता.

"हे बघ, झालं गेलं विसरू. सही पाहिजे ना? आत्ता देतो."

"सही नंतर. आधी पाना कुणी नेला ते सांगा."

"बरं बाई, मी नेला. झालं समाधान?"

"इथे बेकरीवालीला सांगून काय उपयोग? मला ज्यांच्यासमोर खोटं पाडलंत, त्यांच्यासमोर बोला."

त्याने डब्यांकडे बोट दाखवलं. "तो ऊस तुझ्या बापाचा आहे. कळतंय ना?"

"कळतंय. म्हणून तर पटकन चला."

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे खरं. पेटीभोवती सगळे जमले. पॅस्को बुटांकडे बघत काही तरी पुटपुटला.

"मोठ्याने!" मागून सेल्विन अंकल गरजले. "मी पाहिलंय तू घेताना. सकाळीच सांगायला हवं होतं, लाज वाटते मला. आता तू बोल."

"पाना मी घेतला होता," पॅस्को म्हणाला. "वर मीच विसरलो. हिची चूक नाही."

त्याचा चेहरा बिटासारखा झाला होता. मी तो पोटभर पाहून घेतला, मग कुलूप काढलं.

"आता कुलूप राहिल्याचं खोकं कोण देणार?" एकाने विचारलं.

"जिचं कुलूप तिला काढू न देता ज्याने हाकललं, तो!" अंकल म्हणाले. सगळे खदखदून हसले. ते हसू पॅस्कोला बिअरपेक्षा महाग पडलं असणार. माझ्या कागदावर सही मग मॅनेजरने केली.

घरी गेले तेव्हा पपा व्हरांड्यात बसले होते. आमच्या उसाचा उतारा किती घसरला ते कारखान्याने कळवलं होतं. आणि बाकीचं गावाने.

"पुढचे डबे आपले होते," ते म्हणाले.

"माहीत होतं."

"दिसत होते तुला?"

"बाकावरून सगळे दिसत होते, पपा."

ते बराच वेळ पावाचे तुकडे करत राहिले. मी उत्तरं तयार ठेवली होती, माफी मात्र नाही.

"त्याने माझं नाव काढलं म्हणे, सगळ्यांपुढे."

"हो."

"मग एवढ्या लवकर उठलीस कशाला?" पपा म्हणाले. "अजून एक रोल खायचा होतास की."