हिरव्या साडीतली साळुंकी

"सोड काजळी गं पान्हा, उन्हं डोंगरी टेकली,
तुझ्या रेडकाच्या संगं, माझी साळुंकी भुकेली."

काजळी तेव्हा पहिलटकरीण म्हैस होती आणि प्रेरणा तीन वर्षांची. म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून आई गायची, चरवीत धार घुमायची. ओवीतली साळुंकी म्हणजे आपण, हे प्रेरणाला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

आता ती अकरा वर्षांची होती. चार दिवसांपूर्वी ती शाळेत गेली असताना आई बाळंतपणाला माहेरी, भोंगवलीला निघून गेली. तिला न सांगता. घरी आल्यावर वडिलांनी, धनाजीने, सांगितलं तेव्हा प्रेरणाने भाकरीची परात अंगणात भिरकावली होती. तेव्हापासून आईचा फोन आला की ती गोठ्यामागच्या खडकावर जाऊन बसायची.

घर सांभाळायला आलेल्या चंद्राबाई आत्याची बोटं वाताने आखडलेली. धनाजीची चाहूल लागली तरी काजळी लाथ झाडायची. राहिली प्रेरणा. आईनेच तिला धार काढायला शिकवलेलं, पण चार दिवस काजळी पान्हा चोरत होती.

"अशानं आटंल गं ही," आत्या म्हणाली. "बाळंतीण घरी आली की तिला काय, पानशेतच्या धरणाचं पाणी पाजायचं?"

"मला काय त्याचं."

"व्हय, तुला काय. तू कुठं चहात दूध घेतीस."

आत्याने पेटीतून आईची हिरवी साडी काढली. मालकिणीचा वास आला की म्हैस फसते, हे वाडीत सगळ्यांनाच ठाऊक. प्रेरणाला ती साडी नको होती. पण दातओठ खात तिने कमरेला दोन वेढे घेतले, पदर खोचला, गोठ्यात शिरली आणि कास धुतली न धुतली तोच सड ओढला.

काजळीने लाथ मारली. चरवी दारापर्यंत गडगडली. प्रेरणाने काठी उचलून म्हशीच्या पाठीत हाणली.

काजळीने नुसती मान वळवली आणि पदर हुंगला.

दारातल्या आत्याने चरवी उचलून दिली. "साडी आईची नेसलीस, हात मातर तुझाच हाय. मुक्या जित्राबाला हातातला राग पयला कळतो."

"मग ठिवू कुठं तो?"

"ठिवायचा कशाला? ज्याच्यावर हाय त्याला सांगायचा. काजळीवर हाय का?"

"न्हाई."

"मग तिच्या पाठीचा काय गुन्हा? हात धू. रेडकू सोड. आन् तिचं पोट कसं संथ खालीवर हुतं, तसा तुझा श्वास हुऊ दे जरा." एवढं बोलून आत्या चुलीकडे गेली.

प्रेरणाने हात धुतले. रेडकाला जरा पिऊ दिलं, मग म्हशीच्या मानेशी बांधलं. काठी लागली होती तिथे हात फिरवला आणि पोटाला कपाळ टेकलं. आतली धडधड ऐकू येत होती. पदराला खोबरेलाचा, चुलीच्या धुराचा वास होता. ती गायला लागली. 'साळुंकी'पाशी ओवी मोडली, आणि हिरवा पदर भिजत राहिला. तिने अश्रू अडवले नाहीत. बोटं तेवढी सैल ठेवली.

हळूहळू कास भरून आली. पहिली धार चरवीत वाजली.

दिवे लागायच्या आत ती धनाजीचा मोबाईल घेऊन खडकावर गेली. रेंज तिथेच यायची.

"साळुंके, तूच का गं?" आई म्हणाली. "बोल की. जाताना तू रडली असतीस तर माझा पाय निघाला नसता, म्हणून गेले गुमान. चुकलंच माझं."

प्रेरणा पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "मला लई राग आला हुता आई. म्या काजळीला मारलं. आन् खरं सांगू? मला भ्या वाटतं. बाळ आलं की तुझी साळुंकी तेच हुईल."